इंग्लंडात घर घेताना सॉलिसिटर कसा निवडायचा? (भारतातले पैसे, भारतातला फ्लॅट वगैरे भानगडींसकट)

रेडिंगकर
नमस्कार मंडळी. रेडिंगजवळच्या एका टेरेस घराला (रांगेत एकमेकांना चिकटलेल्या घरांपैकी एक) ऑफर दिली होती, ती अॅक्सेप्ट झाली. ४,२०,००० पौंड. इस्टेट एजंटने फोन ठेवायच्या आधीच "आमचे सॉलिसिटर आहेत, कोटेशन पाठवतोय" म्हणून ईमेल पाठवलासुद्धा, ७९५ अधिक व्हॅट. मी ऑनलाइन आणखी दोन कोटेशन्स काढली तर एक सहाशेच्या आत आणि एक दीड हजाराच्या वर. काम सगळ्यांना तेच करायचंय ना, मग एवढा फरक कशाचा?

पुण्यात घेतलं तेव्हा बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने सर्च रिपोर्ट काढला, बाबा आणि मी सब-रजिस्ट्रारकडे जाऊन फोटो-अंगठे देऊन आलो, इंडेक्स टू हातात पडला, विषय संपला. इथे सॉलिसिटर तीन-चार महिने नक्की काय करत बसतो तेच कळत नाहीये.

थोडी माहिती: मी आणि बायको दोघेही स्किल्ड वर्कर व्हिसावर, चारेक वर्षं झाली. डिपॉझिटपैकी ६० हजार इथली बचत, २५ हजार बाबा देणारेत. बाणेरचा फ्लॅट बाबांच्या आणि माझ्या नावावर आहे. इथलं पहिलंच घर असल्यामुळे स्टँप ड्युटीत फर्स्ट टाइम बायरची सूट मिळेल असं धरून चाललोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज
अभिनंदन! मीपण उन्हाळ्यात सुरू करणारे. खुर्ची टाकून बसलोय.

निवांत_नॉटिंगहॅम
एजंटचाच सॉलिसिटर घ्यायचं काहीही बंधन नाही, तो कितीही गोड बोलला तरी. एजंट हा विकणाऱ्याचा माणूस, त्याला फी विकणारा देतो, आणि वर तुम्हाला पाठवल्याबद्दल बऱ्याचदा सॉलिसिटर फर्मकडूनही रेफरल फी मिळते. ही लपवता येत नाही, दोघांकडेही सरळ विचारा किती मिळते म्हणून. आकडा ऐकला की कळतं ७९५ मधले खरे कामाचे किती.

आता कोटेशनमधला फरक. सहाशेवाल्याचं पान दोन बघा, "अॅडिशनल चार्जेस" असं बारीक अक्षरात असेल. मॉर्गेज लेंडरसाठी काम करायचे वेगळे, गिफ्टेड डिपॉझिटचे वेगळे, स्टँप ड्युटी रिटर्न भरायचे वेगळे, आयडी चेकचे माणशी, बँक ट्रान्सफरचे दर वेळी तीस-चाळीस, लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावरचं घर) असेल तर दोन-तीनशे अजून, आणि ह्या सगळ्यावर २० टक्के व्हॅट. सर्चेस (काउन्सिल वगैरेकडे घराबद्दल काढायच्या चौकश्या) आणि लँड रजिस्ट्रीची फी ही त्यांच्या खिशात जात नाही, ती सगळीकडे साधारण सारखीच, त्यामुळे तुलना करताना ती बाजूला काढा. मग तिघांनाही एकच ईमेल टाका की घर फ्रीहोल्ड (जमिनीसकट कायम मालकीचं) आहे, मॉर्गेज आहे, परदेशातून गिफ्ट आहे, चावी हातात येईपर्यंतचा सगळा मिळून आकडा लेखी द्या. जो दोन दिवसांत नीट उत्तर देतो तो निम्मी परीक्षा पास. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्म्सना कन्व्हेयन्सिंगचे (घराच्या खरेदी-विक्रीच्या कायदेशीर कामाचे) दर वेबसाइटवर टाकणं सक्तीचं आहे, तेही बघून ठेवा.

फाइलवाली
मी दोन फर्म्समध्ये कन्व्हेयन्सिंग पॅरालीगल (वकिलाची मदतनीस) म्हणून काम केलंय, आता ते क्षेत्र सोडलं, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

स्वस्त फर्म आणि महाग फर्म ह्यात कायद्याचं ज्ञान जास्त-कमी असतं असं नाही हो. फरक असतो एकेका माणसाच्या डोक्यावर फायली किती ह्यात. मी जिथे होते तिथे एकेकाकडे शंभराच्या वर असायच्या. म्हणजे तुमचा ईमेल सोमवारी आला तर तो गुरुवारी उघडला जायचा, आणि त्यावरचा प्रश्न समोरच्या सॉलिसिटरला पुढच्या मंगळवारी जायचा, आणि समोरचाही तसलाच असेल तर झालंच कल्याण. तुम्हाला वाटतं तीन महिने काम चाललंय, खरं काम असतं काही तासांचं, बाकी सगळी रांग.

म्हणून निवडताना हे विचारा: माझी फाइल नावानिशी कोण बघणार? त्याचा थेट फोन नंबर मिळणार की कॉल सेंटर? तो सुट्टीवर गेला तर कोण? सध्या त्याच्याकडे किती फायली? शेवटच्या प्रश्नाला बरेच जण टाळाटाळ करतात, पण टाळायची पद्धतसुद्धा बोलकी असते.

सॉलिसिटरच हवा असंही नाही. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर हा मुख्यतः मालमत्तेच्या व्यवहारांचं काम करतो, त्याचं नियमन सीएलसी करतं, सॉलिसिटर्सचं एसआरए. साध्या फ्रीहोल्ड घराला दोघेही तितकेच चालतात. घटस्फोट, मृत्युपत्र, हद्दीचं भांडण असं काही गुंतलेलं असेल तर सॉलिसिटर बरा. फर्म लॉ सोसायटीच्या सीक्यूएस (घरांच्या व्यवहारांच्या कामाच्या दर्जाची मान्यता) योजनेत आहे का बघा. आणि तुमच्या बँकेच्या पॅनेलवर आहे का हे पैसे भरायच्या आधी विचारा, नाहीतर बँकेसाठी दुसरा वकील लागतो आणि त्याचेही पैसे तुम्हीच देता.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आपल्या लोकांसाठी मुद्दाम: भारतातल्या गोष्टी पहिल्याच ईमेलमध्ये सांगून टाका. फ्लॅट, बाबांचे पैसे, शेतीतला हिस्सा, एनआरओ खातं (भारतातल्या मिळकतीसाठीचं एनआरआयचं खातं), सगळं. मी पाहिलेल्या आपल्या लोकांच्या फायली अडकल्या त्या घराच्या कागदांमुळे नाही, तर एक्स्चेंजच्या (करारांची देवाणघेवाण, जिथे व्यवहार पक्का होतो) तोंडावर "अच्छा, हे पण सांगायचं होतं का" ह्या वाक्यामुळे.

हिशेबी_मामा
फाइलवालींशी शंभर टक्के सहमत, आणि रेडिंगकर, जरा बसून घ्या.

फर्स्ट टाइम बायर म्हणजे इंग्लंडात पहिल्यांदा घर घेणारा नव्हे. जगात कुठेही, कधीही, एकट्याच्या किंवा सामाईक नावावर राहतं घर आलेलं नसलं पाहिजे, मग ते विकत घेतलेलं असो, बक्षीस असो की वारसाने आलेलं. बाणेरच्या कागदावर तुमचं नाव आहे म्हणजे तुमची सूट गेली.

आणि तिथेच संपत नाही. दुसरं घर असेल तर पूर्ण किमतीवर ५ टक्के सरचार्ज लागतो, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी ३ चे ५ झाले. त्यातही जगातलं कुठलंही घर मोजतात. अट एवढीच की तुमच्या हिश्श्याची बाजारभावाने किंमत ४० हजार पौंड किंवा वर हवी. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी तुमच्या घराचा हिशोब मांडतो:

सूट मिळाली असती तर: पहिल्या ३ लाखांवर शून्य, वरच्या १ लाख २० हजारांवर ५ टक्के, म्हणजे ६,००० पौंड.
सूट नाही, सरचार्जही नाही: सव्वा लाखापर्यंत शून्य, अडीच लाखांपर्यंत २ टक्के, पुढे ५ टक्के, म्हणजे ११,००० पौंड.
सरचार्जसकट: त्यात आणखी २१,०००, म्हणजे ३२,००० पौंड.

बाणेरचा फ्लॅट आजच्या भावाने केवढ्याचा?

रेडिंगकर
मामा, घाम फुटला. सव्वा कोटीच्या आसपास असेल. निम्मा माझा धरला तरी ४० हजार पौंडांच्या वर जातो. पण खरं सांगायचं तर पैसे सगळे बाबांचे होते, माझं नाव "पुढे कटकट नको" म्हणून घातलेलं. आणि बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर? तिचं कुठेच काही नाही.

हिशेबी_मामा
सरचार्जसाठी नवरा-बायको एकच धरतात. तुम्ही खरेदीत नसलात तरी तुमचा फ्लॅट तिच्या खात्यात मोजला जातो, आणि सरचार्ज लागला की फर्स्ट टाइमची सूट आपोआप गेली. तोच फ्लॅट आधी बायकोच्या नावावर करूनही उपयोग नाही, कारण तेच.

मात्र सरचार्ज बघताना कंप्लीशनच्या (पैसे देऊन चावी मिळते त्या) दिवसअखेरची परिस्थिती बघतात. त्याआधी तुम्ही तुमचा हिस्सा बाबांना रीतसर देऊन टाकला आणि तो नोंदवला गेला, तर सरचार्ज टळू शकतो. तुम्हाला सूट तरीही नाही, कारण एकदा मालक झालात ते झालातच. पण मग बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर तिला मिळू शकते. तुमचा पगार मोजून कर्ज पण मालकी तिची एकटीची अशी मॉर्गेजं इथे असतात, ब्रोकरला विचारा. आता हिस्सा सोडायचा तर पुण्याला जाणं किंवा कॉन्सुलेटमधून कुलमुखत्यारपत्र करून पाठवणं आलं, तिथली स्टँप ड्युटी आणि टॅक्स वेगळा आला, आणि बाबांशी बोलणं आलं ते सगळ्यात अवघड.

"नाव नुसतं सोयीसाठी" हा मुद्दा कागदाने शाबीत करावा लागतो, आणि त्याला टॅक्स अॅडव्हायजर लागतो. बहुतेक कन्व्हेयन्सर स्पष्ट लिहितात की आम्ही स्टँप ड्युटीचा गुंतागुंतीचा सल्ला देत नाही. चार-पाचशे पौंड देऊन लेखी सल्ला घ्या, २६ हजारांचा प्रश्न आहे.

कोपरगावचा_वाघ
उगाच घाबरवू नका राव. मी २०२३ मध्ये घेतलं, संभाजीनगरला माझ्या नावावर घर आहे, सॉलिसिटरने फॉर्मवर विचारलं फर्स्ट टाइम का, मी हो म्हटलं, सूट मिळाली. कोणी चौकशीला आलं नाही. एचएमआरसीला (इथल्या कर खात्याला) काय संभाजीनगरचं रजिस्टर दिसतंय?

फाइलवाली
वाघसाहेब, तुम्ही हो म्हटलंत म्हणून सॉलिसिटरने तसं भरलं, रिटर्नवर तुमचं डिक्लरेशन आहे, त्यामुळे अंगाशी आलं तर तुमच्याच. रिटर्न कंप्लीशननंतर १४ दिवसांत जातं, त्यानंतर नऊ महिने ते सहज चौकशी करू शकतात, आणि माहिती चुकीची निघाली तर पुढे चार वर्षं, निष्काळजीपणा असेल तर सहा, आणि जाणूनबुजून असेल तर वीस वर्षांपर्यंत मागे जाता येतं. शिवाय भारत-युके खात्यांच्या माहितीची देवाणघेवाण चालू असते, तुमचं भाडं एनआरओत येत असेल तर ते दिसतं. तुमची मर्जी, पण इथे नवीन लोकांना हा सल्ला नको.

कोपरगावचा_वाघ
भाडं नाही, आई राहते तिथे. बरं, राहिलं. एक टॅक्सवाला गाठतो.

चहाबाज
माझं काय मग? माझ्या नावावर विकत घेतलेलं काही नाही, पण आजोबा गेल्यावर गावच्या वाड्याला आणि शेताला सगळ्या भावंडांसकट माझं नाव लागलंय. वाडा म्हणजे अर्धा पडलेला. माझी लिसा (लाइफटाइम आयसा, सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) चालू आहे, तिच्यातून डिपॉझिट काढणार होतो.

हिशेबी_मामा
शेतजमीन हे राहतं घर नाही, ती मोजत नाहीत. वाडा मात्र मोजला जाऊ शकतो, वारसाने आलेला हिस्साही सुटीच्या आड येतो. राहण्याजोगा आहे की नुसत्या भिंती उरल्यात ह्यावर बरंच अवलंबून, फोटो काढून ठेवा आणि सल्ला घ्या. सरचार्जची तुला भीती नाही, तुझा हिस्सा ४० हजार पौंडांचा नसणार. वारसाचा हिस्सा निम्मा किंवा कमी असेल तर पहिली तीन वर्षं तसाही सोडून देतात.

लिसाचंही तेच. जगात कुठेही घर नको, घराची किंमत साडेचार लाखांपर्यंत, खातं उघडून वर्ष झालेलं. अट मोडली आणि तरी पैसे काढले तर २५ टक्के कापतात, म्हणजे सरकारी बोनस तर जातोच आणि पदरचेही थोडे जातात. आणि ते पैसे तुझ्या खात्यात येतच नाहीत, सॉलिसिटर थेट मागवतो. त्यामुळे त्याला लिसाचं काम येतं का विचार.

नाशिकचे_नाना
मी नाशिकहून लिहीत आहे. मुलगा ब्रिस्टलला असतो. मागील वर्षी त्याच्या घरासाठी मी आणि सौ.ने पैसे पाठवले, तो अनुभव सांगतो, म्हणजे इतर पालकांची मनाची तयारी होईल.

प्रथम मुलाच्या सॉलिसिटरने आमचे सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट मागितले. ठीक आहे म्हटलं. मग स्टेटमेंटमध्ये एकरकमी १८ लाख दिसले, ते कुठून आले विचारले. सिन्नरजवळची जमीन विकली त्याचे, असे कळवले. मग खरेदीखत मागितले. ते मराठीत. मग इंग्रजी भाषांतर मागितले, तेही घरचे चालणार नाही, भाषांतरकाराच्या सही-शिक्क्याचे. मग विचारणा आली की विकणारा म्हणून आपले नाव आहे, परंतु जमीन मुळात आपली कशी? तेव्हा सातबारा आणि माझ्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार पाठवला. तिकडच्या त्या मुलीने अत्यंत नम्रपणे विचारले की फेरफारावर पाच नावे आहेत तर उरलेल्या चौघांची संमती कुठे आहे. मी ३४ वर्षे शासकीय नोकरी केली, मला कोणी एवढे तपासले नाही! पण मुलीने विचारलेला प्रश्न बरोबर होता हे मान्य करावे लागेल. भावा-बहिणींचे हक्कसोड दाखवले आणि मग प्रकरण पुढे सरकले.

माझा सल्ला, हे कागद मुलाने घर बघायला सुरुवात केली की लगेच गोळा करावेत. भाषांतराला आमच्या इथे वेळ लागला.

निवांत_नॉटिंगहॅम
नाना, नमस्कार, हा प्रतिसाद वेगळा काढून जतन करायला हवा.

हा त्रास वैयक्तिक नसतो, २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांनुसार पैसा कुठून आला हे सॉलिसिटरने तपासलंच पाहिजे. "बाबांनी दिले" हे त्यांच्या लेखी उत्तर नाही, बाबांकडे कुठून आले हे उत्तर. ग्रॅच्युइटी, पीएफ, मोडलेली एफडी असेल तर काम सोपं, त्याची एकेक पावती असते. शिवाय बँकेला गिफ्ट लेटर लागतं, की हे कर्ज नाही, परत द्यायचं नाही, आणि घरात आमचा हिस्सा नाही. काही बँका परदेशातून आलेल्या गिफ्टला नाक मुरडतात, मॉर्गेज अर्ज करायच्या आधी ब्रोकरला विचारून घ्या.

पाठवताना: आईवडिलांना एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नाही. पण वर्षात १० लाख रुपयांच्या वर जे जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कापलेला कर) कापते, म्हणजे तेवढे पैसे बाबांकडे जास्तीचे तयार हवेत. ते बुडत नाहीत, रिटर्नमध्ये वळते होतात, पण रिफंड हातात येईपर्यंत वाट बघावी लागते. आई आणि बाबा दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवले तर दोघांची मर्यादा वेगवेगळी. ३१ मार्चच्या अलीकडे आणि पलीकडे असे दोन भाग केले तर आणखी सोपं. फक्त जो पाठवेल त्या प्रत्येकाचे कागद सॉलिसिटर मागणार हे धरून चाला.

रेडिंगकर
नाना, वाचून बाबांना फॉरवर्ड केलं. त्यांचं उत्तर: "मग मी चोर आहे का". असो, तयार होतील.

सध्या तिघांपैकी दीड हजारावरचा निवडलाय, ना एजंटचा ना सहाशेवाला. फाइल कोण बघणार ते नाव दिलं, फोनवर स्वतः बोलली, भारताचं सगळं आधीच सांगितलं तर म्हणाली बरं झालं. टॅक्सवाल्याची अपॉइंटमेंट पण घेतलीय.

आता नवीन प्रश्न. घराला लॉफ्टमध्ये एक खोली काढलेली आहे, जाहिरातीत तिसरी बेडरूम म्हणून दाखवलीय. विकणाऱ्याकडे बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट नाही. त्यांचा सॉलिसिटर म्हणतो इन्डेम्निटी इन्शुरन्स घेऊन देतो. मी सरळ काउन्सिलला फोन करून विचारू का, की ह्यांनी परवानगी घेतली होती का?

फाइलवाली
फोन करू नका!!! काउन्सिलला त्या कामाबद्दल कोणी कळवलं की ती पॉलिसी मिळतच नाही, मिळालेली असेल तर बाद होते. आधी सॉलिसिटरशी बोला. काउन्सिलच्या वेबसाइटवर प्लॅनिंगचं रेकॉर्ड सगळ्यांना खुलं असतं, ते घरी बसून बघता येतं, आणि लोकल सर्चमध्येही बिल्डिंग रेग्युलेशनच्या नोंदी येतात.

पण खरी गोम वेगळी आहे. ही पॉलिसी काउन्सिलने कारवाई केली तर त्याचा खर्च देते. खालचा स्लॅब तो भार पेलतो का, आग लागली तर वरच्या खोलीतून उतरायला वाट आहे का, ह्याच्याशी पॉलिसीचा काही संबंध नाही. सॉलिसिटर घर बघायला येत नाही, तो फक्त कागद बघतो. बँकेचं व्हॅल्युएशन हेही सर्व्हे नव्हे, ते बँकेच्या पैशांची काळजी करतं. अशा घराला आरआयसीएसचा (सर्व्हेयर लोकांची संस्था) लेव्हल ३, म्हणजे सगळ्यात सविस्तर, सर्व्हे करा आणि सर्व्हेयरला लॉफ्टचं मुद्दाम सांगा. सर्टिफिकेट नसेल तर ती खोली बेडरूम म्हणून धरता येत नाही, मग तीन बेडरूमचा भाव का द्यायचा? इथे घासाघीस करायला जागा आहे.

शेवग्याची_शेंग
अवांतर होतंय पण विचारते. आम्ही लेस्टरला फ्लॅट बघतोय, लीजहोल्ड. ८३ वर्षं लीज उरलीय. एजंट म्हणतो "भरपूर आहे, तुमच्या हयातीत काही होत नाही".

निवांत_नॉटिंगहॅम
तुमच्या हयातीचा प्रश्न नाहीये ताई, तुम्ही विकाल तेव्हा पुढच्याच्या मॉर्गेजचा आहे. ८० च्या खाली गेली की लीज वाढवून घेणं एकदम महाग होतं. २०२४ च्या कायद्यात ते बदलायचं ठरलंय, पण सगळी कलमं लागू झालेली नाहीत, त्याच्या भरवशावर राहू नका. एक चांगलं झालंय, पूर्वी दोन वर्षं मालक असल्याशिवाय लीज वाढवायचा हक्क मिळत नसे, ती अट जानेवारी २०२५ अखेर गेली. विकणाऱ्यालाच वाढवून द्यायला सांगा किंवा खर्च किमतीतून वजा करा.

बाकी मॅनेजिंग एजंटकडून येणारं पॅक सॉलिसिटरबरोबर तुम्हीही वाचा. सर्व्हिस चार्ज तीन वर्षांत किती वाढला, छताचं किंवा लिफ्टचं मोठं काम ठरलंय का, ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं वार्षिक भाडं) दर काही वर्षांनी दुप्पट होतं का. जून २०२२ च्या अखेरीनंतरच्या नव्या लीजला ग्राउंड रेंट नसतं, जुन्यांना असतं. इमारत उंच असेल तर क्लॅडिंगचा (बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाचा) ईडब्ल्यूएस१ हा आगीच्या सुरक्षिततेचा फॉर्म आहे का विचारा, नाहीतर मॉर्गेज अडतं.

चहाबाज
म्हणजे सर्व्हिस चार्ज हे सोसायटीचं मेंटेनन्सच ना?

शेवग्याची_शेंग
सोसायटीत निदान सेक्रेटरीशी भांडता येतं :)

एडिंबराचा_पाऊस
स्कॉटलंडवाल्यांनी हा धागा वाचून गोंधळू नये. इथे ऑफरच सॉलिसिटरमार्फत जाते, म्हणजे तो आधी नेमावा लागतो. होम रिपोर्ट, म्हणजे घराच्या स्थितीचा सर्व्हे, विकणारा देतो. दोन्हीकडच्या सॉलिसिटर्समधली पत्रं, म्हणजे मिसिव्ह्ज, पूर्ण झाली की व्यवहार पक्का. टॅक्सही वेगळा, आणि दुसऱ्या घरावर ८ टक्के, भारतातलं घर इथेही मोजतात.

रेडिंगकर
इंग्लंडात मग पक्कं कधी होतं? एजंट म्हणतो "घर तुमचंच", पण रोज भीती वाटते कोणी जास्त देऊन घेऊन जाईल.

हिशेबी_मामा
एक्स्चेंजपर्यंत काहीच पक्कं नाही, दोघांपैकी कोणीही कारण न देता सोडून जाऊ शकतो आणि कोणी कोणाला दमडी देणं लागत नाही. जास्त पैशाची ऑफर घेऊन विकणारा फिरला तर त्याला गझम्पिंग म्हणतात, अगदी कायदेशीर आहे. त्यामुळे ऑफर लागल्यावर घर बाजारातून काढायला सांगा, आणि सर्चेसची ऑर्डर लवकर द्या.

एक्स्चेंजला साधारण १० टक्के भरता, त्यानंतर तुम्ही मागे फिरलात तर ते जातात. घराचा विमा एक्स्चेंजच्या दिवसापासून घ्या, चावी मिळाल्यापासून नव्हे, कारण त्या दिवसापासून जोखीम सहसा तुमची. एक्स्चेंज आणि कंप्लीशनमध्ये एक-दोन आठवडे ठेवा. एकाच दिवशी दोन्ही करू म्हणणारे असतात, टेम्पो बुक करून ठेवलाय आणि दुपारी बाराला चेनमधला (एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रींच्या साखळीतला) कोणीतरी फिरला तर काय करणार.

फाइलवाली
आणि एक कृपा करा. सॉलिसिटरचे बँक डिटेल्स सुरुवातीलाच छापील पत्रावरून घ्या, आणि फोन करून पडताळा, फोन नंबरही ईमेलमधला नाही, तुम्ही आधीपासून वापरताय तो. "आमचं खातं बदललंय" असा ईमेल आला, अगदी तीच सही, तोच फॉन्ट, मागच्या ईमेलला रिप्लाय म्हणून आला, तरी पैसे पाठवू नका. असे ईमेल बहुतेक शुक्रवारी दुपारी येतात, कारण लोक घाईत असतात आणि पुढे दोन दिवस ऑफिस बंद. आधी एक पौंड पाठवा, मिळाला का फोनवर विचारा, मग बाकीचे.

कोपरगावचा_वाघ
हे मात्र खरंय, ऑफिसातल्या एकाचे असेच गेले असते, बँकेने नाव जुळत नाही म्हणून दाखवलं म्हणून वाचला.

माझ्या बहिणीचा सॉलिसिटर तीन-तीन आठवडे उत्तर देत नाही, मध्येच बदलता येतो का?

फाइलवाली
येतो, पण झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात आणि नवीन माणूस बरंचसं पहिल्यापासून बघतो, त्यामुळे सर्चेस येऊन गेल्या असतील तर शक्यतो नको. आधी फर्मच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार द्यायला सांगा, प्रत्येक फर्मला ती पद्धत ठेवावीच लागते, आणि बऱ्याचदा तेवढ्याने फाइल वरच्या टेबलावर येते. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही तर लीगल ऑम्बुड्समन, तिथे तक्रार फुकट. रोज ईमेल करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, "माझ्याकडून काय बाकी, समोरून काय बाकी, बँकेकडून काय बाकी" असे तीनच प्रश्न. मी रोजच्या ईमेलवाल्यांना शेवटी ठेवायचे, खरं सांगते.

रेडिंगकर
शेवटचा प्रश्न. टीआर१ (मालकी हस्तांतराचा) फॉर्म सहीसाठी पोस्टाने आलाय, साक्षीदार लागेल म्हणे. आईबाबा पुढच्या आठवड्यात येतायत, बाबांची सही चालेल का? आणि व्हिडिओ कॉलवर दाखवून पुण्याच्या मित्राची?

फाइलवाली
व्हिडिओ कॉलवर अजिबात नाही, तुम्ही सही करताना साक्षीदार समोर हजर हवा. १८ पूर्ण, आणि त्या कागदात स्वतः पक्षकार नको, म्हणजे तुम्ही दोघे एकमेकांचे साक्षीदार नाही. नातेवाईक कायद्याने चालतो पण बहुतेक फर्म्स नको म्हणतात, आणि तुमच्या बाबतीत बाबांनीच पैसे दिलेत तेव्हा मुळीच नको. शेजारी किंवा ऑफिसातलं कोणी बघा. साक्षीदाराने नाव, पत्ता ठळक अक्षरात लिहायचा. आणि फॉर्मवर तारीख टाकू नका, ती जागा रिकामी ठेवायची, कंप्लीशनच्या दिवशी सॉलिसिटर टाकतो.